एचबीए१सी ९.६ असताना गुडघा बदलायचा का?

भंडाऱ्याहून एका मुलीने विचारलं आहे. आई ६४ वर्षांची, पंधरा वर्षांपासून शुगर. नागपुरात उजवा गुडघा बदलायचं ठरलं आणि तपासण्यांत एचबीए१सी (तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ९.६ निघालं. सर्जन म्हणाले, दीड महिना थांबू, शुगर खाली आणू. मामांचं म्हणणं, दुसरीकडे पुढच्याच आठवड्यात करून देतात, इन्सुलिनवर सांभाळून घेतात, उगाच कशाला लांबवायचं? आईला सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, सकाळी डापाग्लिफ्लोझिन आणि रात्री १८ युनिट ग्लार्जिन हे इन्सुलिन चालू आहे. थांबायचं का, कोणतं औषध कधी बंद करायचं, आणि ऑपरेशनसाठी इन्सुलिन वाढवलं तर ते कायमचं मागे लागतं का, असे तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: थांबा. ९.६ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर २३०च्या घरात. एवढ्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि जखम भरायला वेळ लागतो. पोटावरची जखम चिघळली तर ड्रेसिंग आणि अँटिबायोटिकने बहुतेक वेळा निभावतं. गुडघ्यात बसवलेल्या धातूवर जंतू बसले तर मात्र ते स्वतःभोवती चिकट थर करतात आणि त्यात औषध धड पोचत नाही. मग गुडघा पुन्हा उघडायचा, कधी सांधा काढून काही आठवडे सिमेंटचा स्पेसर ठेवायचा, नंतर परत नवा सांधा. मामांना हे सांगा. आईचा गुडघा आज दुखायला लागलेला नाही, आणखी सहा आठवडे तो दुखेल, एवढंच. थांबा म्हणणाऱ्या सर्जनला पेशंट दुसरीकडे जाईल हे ठाऊक असतं, तरी ते म्हणाले, याची नोंद घ्या.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशन ठरवून करायच्या शस्त्रक्रियांसाठी एचबीए१सी शक्यतो ८च्या खाली आणा म्हणते. ब्रिटनमधला आकडा ८.५ आहे. पण सहा आठवड्यांनी तपासणी केली तर हा आकडा पुरता उतरलेला दिसणार नाही, कारण त्यात आधीच्या वाईट दिवसांचा हिशेब शिल्लक असतो. म्हणून भूलतज्ज्ञ या नात्याने मी घरच्या ग्लुकोमीटरची वही मागतो. सकाळची उपाशीपोटी १३०च्या आत, जेवणानंतर दोन तासांची १८०च्या आत, आणि मधे कुठे ७०च्या खाली घसरण नाही, असं दोन-तीन आठवडे सलग दिसलं की एचबीए१सी ८.३ असलं तरी मी पुढे जातो. उलट एचबीए१सी ७.४ आणि वहीत ५५ ते ३१० असे झोके, असा पेशंट मला जास्त काळजीत टाकतो.

आपल्या भागात याला एक खास पुरवणी लागते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात. पेशीला साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, त्यामुळे एचबीए१सी खोटंच कमी येतं. नुसता वाहक असेल तर तपासणीच्या काही पद्धतींत आकडा चुकू शकतो. लोह कमी असल्यामुळे झालेल्या ॲनिमियात उलटं, खोटंच जास्त येऊ शकतं. अलीकडे रक्त चढवलं असेल तर त्या रिपोर्टवर विसंबूच नका. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडचा पेशंट आणि ग्लुकोमीटरची वही एक सांगते, एचबीए१सी दुसरंच सांगतं, असं झालं की सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे आधी विचारावं. अशा वेळी फ्रुक्टोसामीन ही तपासणी कामी येते. तीत गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज मिळतो.

सगळ्यांनीच थांबावं असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. खुब्याचं हाड मोडलंय, हर्निया अडकलाय, अपेंडिक्स फुटायला आलंय, कॅन्सरची गाठ आहे, तिथे एचबीए१सीची वाट बघत बसायचं नसतं. पायात पू झालेल्या डायबिटीसच्या पेशंटला “शुगर ४००वरून २००वर आली की ऑपरेशन करू” असं सांगून वॉर्डात ठेवलेलं दिसतं, ते तर मला अजिबात पटत नाही. तो पू आत आहे म्हणूनच शुगर ४०० आहे. पू काढा, ती आपोआप उतरायला लागते. २०२१ साली कोविडनंतर म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, जे पेशंट नागपुरात रांगेने आले, त्यांच्यात स्टेरॉइडने चढलेली शुगर आणि सडलेलं सायनस दोन्ही एकदमच हाताळावं लागलं, एकासाठी दुसरं थांबवता आलं नाही. एक खबरदारी मात्र तातडीच्या केसमध्येही घ्यायची. पोट खूप दुखतंय, उलट्या होताहेत, शुगर चढलेली आहे, अशा वेळी केटोन (चरबी जळताना रक्तात साठणारं ॲसिड) आधी तपासायचे. कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे हे ॲसिड फार वाढलं की, पोट इतकं दुखतं की सर्जनला पोट उघडावंसं वाटावं, आणि सलाईन-इन्सुलिनने काही तासांत ते दुखणं पळतं.

आता औषधं. इथे जास्त वेळ घेतो, कारण भानगडी इथेच होतात. शुगर जास्त आहे म्हणून अडचणीत येणारे पेशंट असतातच. पण औषधांचं नेमकं कुणी बघायचं हे न ठरल्यामुळे अडचणीत येणारे, माझ्या मते, त्याहून जास्त. फिजिशियन ‘फिटनेस’ देतात. त्या कागदावर ईसीजी, टू-डी इको, क्रिएटिनिन आणि शेवटी ‘मॉडरेट रिस्क’ असं लिहिलेलं असतं. कोणती गोळी कधी बंद, हे त्यावर नसतं. सर्जनला वाटतं भूलतज्ज्ञ सांगतील. भूलतज्ज्ञ बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी भेटतो. तोवर घरच्यांनी आपलं डोकं चालवलेलं असतं.

ओटीच्या दाराशी हमखास ऐकू येणारं वाक्य असं: “सकाळची शुगरची गोळी तं देल्ली ना साहेब. चहा नाही देला, उपाशी ठेवाले सांगतलं होतं ना.” देणाऱ्याचा यात काही दोष नाही, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या असं सांगितलेलं असतं, त्याने सगळ्याच गोळ्या दिल्या. पण ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, ती इन्सुलिन पिळून काढत राहते. केस साडेनऊची साडेबाराला गेली की पेशंट घामाघूम, हात थरथरताहेत आणि शुगर ४८. तुमच्या आईच्या बाबतीत ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची ती एकत्र गोळी ऑपरेशनच्या सकाळी द्यायची नाही. आदल्या रात्री जेवणाबरोबर ठीक आहे. किडनी अशक्त असेल किंवा डाय टोचून स्कॅन व्हायचा असेल तर मेटफॉर्मिनचा वेगळा विचार करावा लागतो.

डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद. सोमवारी ऑपरेशन असेल तर शेवटची गोळी गुरुवारी सकाळी. शुक्रवार, शनिवार, रविवार नाही. एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिनलाही हेच, अर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात. माणूस उपाशी राहिला, त्यात ऑपरेशनचा ताण आला, की शरीर चरबी जाळायला घेतं आणि रक्तात ॲसिड साठतं. वाईट भाग असा की शुगर तेव्हा १७०-१८० दिसू शकते. सगळे मीटरकडे बघून निर्धास्त असतात आणि पेशंट धापा टाकत असतो, ओकाऱ्या काढत असतो. लोक म्हणतात भुलीमुळे होतंय. अशा वेळी रक्तातले केटोन आणि एबीजी (रक्तातलं ॲसिड दाखवणारी तपासणी) बघितल्याशिवाय कळत नाही. २०२०मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनची पेटंटची मुदत संपली, किंमत धाडकन उतरली, आणि आता हे औषध हार्टच्या आणि किडनीच्या पेशंटलाही दिलं जातं, ज्यांना डायबिटीस नाही त्यांनाही. त्यामुळे “शुगरची गोळी कोणती?” एवढंच विचारून भागत नाही. अनेकदा ती दुसऱ्याच गोळीच्या पोटात असते, सिटाग्लिप्टिनबरोबर, मेटफॉर्मिनबरोबर. म्हणून यादी सांगू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायचं काम आमचं.

रात्रीचं ग्लार्जिन बंद करायचं नाही. आदल्या रात्री नेहमीच्या डोसच्या ७५ ते ८० टक्के, म्हणजे आईला १८च्या जागी १४ युनिट. ते सावकाश, दिवसभर काम करतं आणि न जेवताही शरीराला लागतंच. लहानपणापासून टाइप १ असलेल्या पेशंटचं बेसल, म्हणजे ग्लार्जिनसारखं दिवसभर चालणारं, इन्सुलिन तर कुणी, कुठल्याही कारणाने, “आज उपाशी आहे” म्हणून थांबवायचं नाही. मिक्स्टार्डसारखं ३०/७० मिश्र इन्सुलिन असेल तर त्या सकाळी साधारण अर्धा डोस देतात, तोही दवाखान्यात, शुगर बघून. हे आकडे विचार करण्यापुरते. आईचा नेमका डोस तिच्या फिजिशियनने कागदावर लिहून द्यावा.

इन्सुलिनचाच विषय निघालाय तर सिरिंजचं बोलतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४०चं असतं, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनचं काडतूस १००चं. गावाहून नागपूरला येताना पेनची सुई संपली किंवा पेन बिघडलं की कुणीतरी हुशारी करतं: काडतुसात लाल टोपीची सिरिंज खुपसून १० खुणांपर्यंत ओढतं. त्यात २५ युनिट येतात, अडीचपट. उलटं, ४०च्या बाटलीतून १००च्या नारिंगी सिरिंजने १० खुणा घेतल्या तर ४च युनिट मिळतात आणि शुगर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं धरतात. पेन, काडतूस, सुया आणि वही एका पिशवीत ठेवा. मे महिन्यात येत असाल तर ती पिशवी एसटीच्या खिडकीशी किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. ४५ डिग्रीत इन्सुलिनची ताकद जाते आणि दिसायला ते तसंच्या तसं असतं.

वजन आणि शुगरसाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची आठवड्याची इंजेक्शनं घेणारे आता नागपुरातही आहेत, आणि कित्येक जण ते भूलतज्ज्ञाला सांगत नाहीत, कारण “ते वजनाचं आहे”. या औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं. आठ तास उपाशी असूनही जठरात अन्न सापडतं, आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. आधी सरसकट एक आठवडा बंद ठेवायला सांगत, आता पेशंट बघून ठरवतात. काहींना आदला दिवस फक्त पातळ पदार्थांवर ठेवतात. सांगायचं मात्र प्रत्येकाने. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्यांनी फारसा घोळ होत नाही.

तपासणीला आलेल्या जुन्या डायबिटीसच्या पेशंटला मी आधी नमस्कार करायला सांगतो. पेशंट बावचळतात, काही जण खरोखरच वाकून नमस्कार करतात. मला बघायचं असतं ते तळवे. तळव्याला तळवा, बोटांना बोटं पुरती चिकटत नसतील, मधे फट राहत असेल, तर साखरेने सांधे आखडलेत. जे बोटांचं, तेच मानेचं आणि जबड्याचं असू शकतं, आणि मग घशात नळी घालणं अवघड जाणार हे मला आधीच कळतं. दुसरं, झोपून आणि मग उभं करून बीपी बघतो. उभं राहिल्यावर ते धाडकन पडत असेल तर नसांवर परिणाम झालाय. असा पेशंट कमरेत भूल दिल्यावर जास्त कोसळतो, आणि त्याला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो.

उपासाचे तास: जेवण आठ तास आधी, हलका नाश्ता सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. “रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही” हे अजून सर्रास सांगितलं जातं. डायबिटीसच्या पेशंटला त्याने फायदा काही नाही, कोरडं पडणं तेवढं मिळतं. संत्र्याचा रस पाण्यात धरू नका, त्यात गर असतो.

केस यादीत पहिली लावून घ्या. हे हक्काने मागा. डायबिटीसचा पेशंट दुपारपर्यंत ताटकळला की वरचे सगळे हिशेब बिघडतात. उशीर झालाच तर दर एक-दोन तासांनी शुगर तपासा असं सिस्टरला सांगा. सकाळी शुगर २५०च्या वर असेल तर केटोन बघून, काय झालं ते शोधून, कदाचित केस पुढे ढकलली जाईल. १९५ आहे म्हणून कुणी ढकलू नये. ७०च्या खाली आणि हातपाय थरथरताहेत, तर उपास मोडेल म्हणून वाट बघू नका, तिथल्या तिथे सांगा. शिरेतून डेक्स्ट्रोज देता येतं.

आत काय होतं ते थोडक्यात. आमचं लक्ष्य १०० ते १८०. नॉर्मल माणसासारखी ९०वर आणायची हौस एकेकाळी आयसीयूत होती. २००९मध्ये नाइस-शुगर नावाचा अभ्यास आला, सहा हजारांवर आयसीयूतले पेशंट. ८१ ते १०८मध्ये ठेवलेल्यांत ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, १८०च्या आत ठेवलेल्यांत २४.९ टक्के. तेव्हापासून तो हट्ट सुटला. पूर्ण भुलीत शुगर उतरली तर घाम, थरथर, गोंधळ यातलं काही ओळखता येत नाही, म्हणून तासाला एकदा मोजतो. लागलं तर ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट साधं इन्सुलिन घालून सिरिंज पंपवर लावतो, म्हणजे एक मिलिलिटरला एक युनिट, हिशेबाला सोपं. पोटॅशियमवर नजर ठेवतो, कारण इन्सुलिनने ते खाली जातं. गुडघ्याच्या ऑपरेशनला कमरेतली भूल मी पसंत करतो: पेशंट जागा असतो, “कसंतरी होतंय” हे सांगू शकतो आणि लवकर जेवायला लागतो.

ऑपरेशन झालं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि शुगर तिथूनच चढते. वेदना आणि ताण यांनी कॉर्टिसोल, ॲड्रेनलिन वाढतं. उलटी होऊ नये म्हणून आम्ही डेक्सामेथासोन दिलं असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत आकडे वरच असतात. २४० दिसली म्हणून घाबरू नका. फक्त वॉर्डात नुसत्या तक्त्यावर, “२००च्या वर ४ युनिट, २५०च्या वर ६” असं इन्सुलिन चालू असेल आणि रात्रीचं ग्लार्जिन कुणी लिहिलंच नसेल, तर ते विचारा. साखर चढायची वाट बघून मग तिच्या मागे धावायचं, असा तो प्रकार आहे. बेसल चालू, जेवणाआधी जेवणापुरतं, आणि वर लागलं तर थोडं, हे बरं.

आणखी एक. बोटाची शुगर घेण्याआधी बोट धुवा, नुसतं स्पिरिट पुरत नाही. डिसेंबर-जानेवारीत भेटायला येणारा प्रत्येक जण संत्री घेऊन येतो, पेशंट सोलून खातो, आणि त्याच बोटाला टोचलं की मीटर ३००च्या वर दाखवतं. त्यावर १० युनिट टोचले की झालं. “अशक्तपणा आलाय” म्हणून ग्लुकोज पावडर, नारळपाणी, साबुदाण्याची खीर यांचा मारा करू नका. जखमेला प्रोटीन लागतं: वरण, अंडं, दही, पनीर. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, भाजलेलं कळत नाही. टाचेखाली उशी सरकवून ती अधांतरी ठेवा आणि रोज बघा.

नीट जेवायला लागल्यावर गोळ्या परत सुरू होतात. मेटफॉर्मिन क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून. डापाग्लिफ्लोझिन सगळ्यात शेवटी, एक-दोन दिवस पूर्ण आहार गेल्यावर.

आता इन्सुलिन मागे लागतं का? नाही. सहा आठवड्यांत ९.६ खाली आणायला गोळ्यांत फेरफार करायला तेवढा वाव नसतो, म्हणून इन्सुलिन वाढवतात, आणि ऑपरेशनच्या ताणात शरीराला ते जास्त लागतं. ताण उतरला की गरजही उतरते. खरी भीती उलटीच आहे: दवाखान्यात वाढवलेला डोस डिस्चार्ज कार्डावर तसाच छापला जातो, घरी वेदना कमी होतात, आई चालायला लागते, आणि आठव्या-दहाव्या दिवशी पहाटे तीनला शुगर ५०. डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी लिहून मागा: आजचा डोस, उपाशीपोटी कितीच्या खाली आली की तो किती कमी करायचा, आणि त्यासाठी फोन कुणाला करायचा. पहिले दोन आठवडे रोज सकाळी उपाशीपोटी, रात्री झोपताना, आणि दोन-तीन वेळा पहाटेही मोजा. टाके काढायला येताना ती वही बरोबर आणा. डोस तेव्हाच उतरवू. पंधरा वर्षांच्या मधुमेहात ग्लार्जिन पूर्ण सुटेलच असं मी म्हणत नाही, ते आईला ऑपरेशनच्या आधीपासूनच आहे. जेवणाआधीची इंजेक्शनं मात्र बऱ्याच जणांची महिना-दीड महिन्यात बंद होतात.